खोलीत आणखी कोण होतं?

प्रिय दादा,

पाकिटावरचं माझं अक्षर दिसलं की तू हे बाजूला टाकणार, म्हणून मी ते वहिनींच्या नावे पाठवलंय आणि तुझ्या हातात द्यायला सांगितलंय. त्यांच्यावर डाफरू नकोस, त्या बिचारीचा यात काही दोष नाही. फोनवर मी 'बाबा' एवढं म्हणेपर्यंत तू फोन ठेवतोस. गेल्या दोन आठवड्यांत चार वेळा ठेवलास, पाचव्यांदा माझी हिंमत झाली नाही. म्हणून कामाचं आधी सांगून टाकते, पुढचं वाचलं नाहीस तरी एवढं तुझ्या डोळ्यांखालून जाऊ दे. येत्या गुरुवारी सकाळी आठ वाजता बाबांचं ऑपरेशन आहे. घशात गाठ आहे, वाईट आहे, आणि स्वरयंत्र पूर्ण काढावं लागणार आहे. जीव वाचेल असं डॉक्टर म्हणतात. आवाज जाईल, कायमचा. बुधवारी संध्याकाळी सातला भेटायची वेळ संपते. त्यानंतर बाबांचा आवाज तुझ्या कानांवर पडणार नाही. दादा, तू बुधवारच्या आत ये.

सुरुवातीला आम्ही घसा बसलाय असंच धरून चाललो होतो. तीन महिने गुळण्या, वाफारे आणि गोळ्या चालल्या होत्या. बाबा म्हणायचे, आयुष्यभर उचलली जीभ लावली टाळ्याला असं वागलो, आता घशानं संप पुकारलाय. मी हसायचे, मूर्खासारखी हसायचे. मग एक दिवस चरित्रकोशाच्या ऑफिसात आम्ही प्रुफं वाचायला बसलो. आमची पद्धत अजून तीच आहे, ते मोठ्यानं वाचतात आणि मी मूळ प्रतीवर बोट ठेवून ताडून बघते. एका नावाच्या मध्येच त्यांचा आवाज तुटला. ओठ हलत होते आणि बाहेर नुसती हवा येत होती. पाच मिनिटांनी आवाज परत आला तेव्हा पहिलं काय बोलले असतील, तर 'स्वल्पविराम राहिलाय'. दुसऱ्या दिवशी मी त्यांना ओढतच हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर तुझ्याहून लहान असेल. त्यानं एका कागदाच्या पाठीवर गळ्याचं चित्र काढलं, कुठे कापणार, श्वासासाठी भोक कुठे ठेवणार ते दाखवलं. पुढेमागे एखादं यंत्र लावून थोडंफार बोलता येतं काहींना, पण या वयात मी वचन देत नाही म्हणाला. आणि बाबांचा हात हातात घेऊन म्हणाला, काका, जे काही बोलायचं असेल ते ऑपरेशनच्या आत बोलून घ्या. बाबांनी काय करावं? त्या डॉक्टरला सेनापतीची गोष्ट सांगितली! तीच रे, समोरून गोळ्या येताहेत आणि हा आपल्या माणसांना हसून सांगतोय की एवढ्या लांबून त्यांना हत्तीसुद्धा टिपता यायचा नाही, आणि थोड्याच वेळात त्याला गोळी लागते. डॉक्टर हसला, पण हसावं की नाही हे त्याला कळत नव्हतं.

एवढं कळल्यावर माणूस मोजूनमापून बोलेल असं तुला वाटेल. छे! आता त्यांना वॉर्डात दाखल केलंय, तिथे शेजारच्या खाटेवर एक रिटायर झालेला बसड्रायव्हर आहे. त्याच्या शब्दकोड्यात चूक काढण्यात बाबांनी परवाची अख्खी सकाळ घालवली. काल छापखान्यात फोन लावून मुद्रकाशी भांडले, शाई फिकी आहे म्हणून. एक वाक्य बोलले की अर्धा मिनिट खोकतात, डोळ्यांतून पाणी येतं, आणि पुन्हा पुढचं वाक्य. मी नुसती कान देऊन बसलेली असते. 'खिडकी लावून घे' म्हणाले की वाटतं, हेच का ते शेवटचं? 'तू जेवलीस का' म्हणाले की वाटतं, देवा, निदान हे असू दे. माझा जीव असा टांगणीला लागलाय दादा, की मी आता ऐकतसुद्धा नाही नीट, नुसती मोजत बसते. आज शनिवार आहे. हे मी वॉर्डबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय, मांडीवर प्रुफांचा गठ्ठा आहे तोच खाली धरलाय. कोणाजवळ बोलू? घरात तर आम्ही दोघंच, आणि त्यातले एक आत झोपलेत.

जेवताना आपण खेळायचो तो खेळ आठवतो तुला? बाबा ऑफिसातून चार-पाच कार्डं खिशात घालून आणायचे. मोठमोठ्या माणसांचे शेवटचे शब्द. राजे, शास्त्रज्ञ, कवी, फाशी गेलेले, विष प्यालेले. चरित्रकोशाच्या शेवटच्या खंडाला जोडायची ती पुरवणी, बाबांचं सगळ्यात लाडकं काम. ते वाक्य वाचायचे आणि आपण सांगायचं, खरं की खोटं. मी दरवेळी 'खोटं' म्हणून ओरडायचे आणि तू दरवेळी 'खरं'. तुला हरायला होतंय हे कळत असूनही तू 'खरं' म्हणायचास. आई म्हणायची, याला कोणीही टोपी घालेल. मग बाबा ते तीन प्रश्न विचारायचे, शाळेतल्या पाढ्यांसारखे आपल्याला पाठ होते. ऐकलं कोणी? लिहिलं कधी? खोलीत आणखी कोण होतं? तिन्ही उत्तरं मिळाली तर कार्डावर निळी खूण, नाहीतर लाल. लालच जास्त असायच्या. तेव्हापासून मी पण कागदाच्या चिटोऱ्यांवर काहीबाही लिहून बाबांच्या खिशात कोंबायला लागले, आणि बाबांनी माझं नाव चिटोरी ठेवलं.

तू इंजिनियर होऊन बाहेर पडलास आणि मी त्याच ऑफिसात चिकटले. वीस-बावीस वर्षं मी ती कार्डं लिहितेय. आपल्या वर्तुळांना हात लावू नकोस असं शिपायाला म्हणणारा तो गणिती घे. ते वाक्य लिहून ठेवणारे त्याच्यानंतर शेकडो वर्षांनी जन्मलेले, म्हणून लाल. 'आणखी उजेड' म्हणून गेलेला तो महाकवी, ज्याच्यावर लोक व्याख्यानं देतात. ते वाक्य जगाला सांगणारा डॉक्टर त्या घटकेला खोलीतच नव्हता, म्हणून लाल. वधस्तंभावर चढताना जल्लादाच्या पायावर पाय पडला म्हणून माफी मागणारी ती राणी मला फार आवडायची. बाबांनी तिच्या कार्डावर दोन प्रश्नचिन्हं काढली. मी रुसले, तर म्हणाले, खरं असावं असं जितकं जास्त वाटतं तितकं जास्त तपासायचं. एका शाळेतल्या बाईंचं रागाचं पत्र आलं होतं, माझी मुलं त्या वाक्यानं रडतात आणि तुम्ही ते लाल करता म्हणून. बाबांनी त्यांना उत्तर लिहिलं की वाक्य जरूर शिकवा, फक्त ते त्या माणसाच्या तोंडी घालू नका, तो आता नाही म्हणायला येऊ शकत नाही. आणि एक कार्ड तर कोरंच आहे. तो शास्त्रज्ञ शेवटचं बोलला ते आपल्या मातृभाषेत, आणि उशाशी असलेल्या नर्सला ती भाषा येत नव्हती. वाक्याच्या जागी बाबांनी नुसती रेघ ओढलीय. लहानपणी मला त्या कार्डाची भीती वाटायची. आता तर फारच वाटते.

परवा दुपारी माझ्या हातून एक वेडेपणा झाला. बाबांच्या उशाशी बसून मी पर्समधलं एक कोरं कार्ड काढलं आणि वर तारीख घालून लिहिलं, दुपारी साडेतीन, 'भाजीत मीठ नाही'. मग पुढचं वाक्य, त्याच्या पुढचं. मला कळलंसुद्धा नाही मी काय करतेय. बाबांनी हात पुढे केला, कार्ड घेतलं, चष्मा चढवून वाचलं आणि इतके हसले की खोकल्यानं जीव मेटाकुटीला आला. नर्स धावत आली. श्वास जागेवर आल्यावर त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली, कार्डाच्या कोपऱ्यात लिहिलं 'खोलीत आणखी कोण होतं?' आणि कार्ड मला परत दिलं. मी आजूबाजूला बघितलं. ड्रायव्हर काका घोरत होते, नर्स निघून गेली होती. मी बाहेर आले आणि पिण्याच्या पाण्याच्या टाकीमागे उभी राहून ओक्साबोक्शी रडले. एक बाई मला पाणी देऊन गेली.

आता आईचं लिहायला हवं. ती जाऊन नऊ वर्षं झाली, तू या घराचा उंबरा चढला नाहीस त्यालाही तेवढीच झाली. तेव्हा तू पुलाच्या कामावर होतास. स्लॅब पडायचा होता, एकदा काँक्रीट ओतायला घेतलं की मध्ये थांबता येत नाही, हे तूच आम्हाला समजावलं होतंस. आईला हॉस्पिटलातून घरी आणलं होतं. पंधरा दिवस तरी हातात आहेत असं डॉक्टर म्हणाले होते. तू फोन केलास आणि बाबा तुला म्हणाले, घाई करू नकोस, काम उरकून ये. तिसऱ्या दिवशी आई गेली. तू आलास तो दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला, खांद्यावर बॅग, बुटांवर वाळलेलं सिमेंट. आत न जाता दारातच माझा दंड धरलास आणि विचारलंस, शेवटी काय म्हणाली? मी सांगितलं, आई म्हणाली, 'आला का तो? दाराची कडी काढून ठेव.' तू तिथेच खाली बसलास. मग स्वयंपाकघरात बाबांसमोर उभा राहून जे बोललास ते मी परत लिहीत नाही. ती वाट बघत होती आणि तुम्ही मला थांबवलंत, एवढंच त्यातलं मला कायम ऐकू येतं. बाबांनी ओट्याला हात टेकून सगळं ऐकून घेतलं. दोन दिवसांनी तू गेलास तो गेलासच.

दादा, आई असं म्हणाली नव्हती. ते वाक्य माझं आहे.

आई गेली दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. खोलीत बाबा आणि मी, दोघंच होतो. आदल्या दिवसापासून तिला दुखत नव्हतं, औषधानं गुंगी होती, पण शुद्ध होती. न्हाणीघरातला नळ गळत होता. आई म्हणाली, 'तो नळ नीट बंद कर गं, केव्हाचा टिपटिप करतोय.' मी उठून गेले, नळ आवळला, खाली बादली सरकवली आणि परत आले तर बाबा तिचा हात धरून बसलेले होते आणि आई गेलेली होती. बस, एवढंच. तुझं नाव नाही, वाट नाही, कडी नाही. मी नळाशी होते त्या मिनिटाभरात ती आणखी काही बोलली का, हे मी बाबांना आजतागायत विचारलेलं नाही. विचारायला मला तोंडच उरलं नाही. आणि तो फोन झाला ना, तेव्हा तो शब्दही बाबांचा नव्हता. आईच पलंगावरून हात हलवून सांगत होती, त्याला म्हणावं काम संपवून ये, अर्धवट टाकून येऊ नकोस. बाबांनी फक्त ते तुझ्यापर्यंत पोचवलं. मी तिथेच उभी होते, मी ऐकलंय.

मग मी असं का केलं? तू दारात तसा उभा होतास, आणि त्या चेहऱ्याला नळाचं सांगायचं? माझ्यानं होईना. वाटलं, याला काहीतरी द्यावं, रिकाम्या हातानं कसं आत पाठवू? आणि खोटं तरी साधं बोलावं ना! आईनं तुला आशीर्वाद दिला, तुझं नाव घेऊन डोळे मिटले, असलं काही बोलले असते तर तूसुद्धा, तूसुद्धा ओळखलं असतंस. पण मी तेव्हाच बारा-तेरा वर्षं हाच धंदा केलेला. खरी वाक्यं कशी असतात ते मला माहीत होतं. ती तोकडी असतात, त्यात एखादा प्रश्न असतो आणि घरातलं एखादं फालतू काम असतं. म्हणून मी कडी घातली. कप्पाळ माझं! हजारो खोटी वाक्यं पकडून पकडून मी शेवटी एक असं बनवलं की त्यात कोणालाच फट सापडू नये, आणि ते तुझ्या गळ्यात बांधलं. करायला गेले एक आणि झालं भलतंच. तुला धीर यावा म्हणून बोलले, आणि तू त्याच वाक्यानं बाबांना तोडलंस.

बाबा माझ्या मागेच उभे होते तेव्हा. मी कडीचं बोलले आणि वळून बघितलं, तर ते माझ्याकडे बघत होते. रागानं नाही रे. प्रुफात मोठी चूक सापडली की बघतात तसे, थांबून. जो माणूस एका अवतरणचिन्हासाठी प्रकाशकाशी तीन-तीन महिने पत्रव्यवहार करतो, त्यानं नऊ वर्षांत यावर ब्र काढला नाही. तू स्वयंपाकघरात त्यांना बोलत होतास तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. ही खोटं बोलतेय, एवढंच. मग तू माझ्यावर तुटून पडला असतास आणि बाबा सुटले असते. त्यांनी मला वाचवलं आणि तुला गमावलं, आणि मी ते होऊ दिलं. महिन्याभरात तुझा राग निवेल असं वाटलं होतं. मग वर्ष गेलं. मग एकदा वहिनींनी फोनवर सहज सांगितलं, की मुलं घरी येईपर्यंत तू दाराची कडी लावू देत नाहीस, आजीचे शेवटचे शब्द आहेत म्हणून मुलांना सांगतोस, आणि धाकटी रोज स्वतः जाऊन कडी काढलीय ना ते बघून येते. मी फोन ठेवला आणि कानाला खडा लावला की आता हे माझ्याबरोबरच जाणार. भित्री आहे मी, दादा. लोकांच्या खोट्यावर लाल पेन्सिली झिजवणारी भित्री बाई.

दोन आठवड्यांपूर्वी त्या डॉक्टरकडून निघालो तेव्हा टॅक्सीत मी बाबांना म्हणाले, मी दादाला सगळं खरं सांगते. नऊ वर्षांत आमच्यात तो विषय पहिल्यांदा निघाला. त्यांनी मान हलवली. म्हणाले, नको, त्याच्याकडे आईचं तेवढंच आहे. मी म्हणाले, बाबा, पण ते खोटं आहे. तर म्हणाले, मला सांगतेस? मी होतो खोलीत. मग घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. मी रडत होते, आणि ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघत होता. ज्या माणसानं राण्यांना आणि महाकवींना सोडलं नाही, त्यानं तुझ्यासाठी एक लाल खूण करायची टाळली. मला वाटतं, आयुष्यात एकदाच. आणि त्यापायी तो तुझ्या शिव्या खाऊन गप्प बसला.

त्यांचा शब्द मी आज मोडतेय. त्यांना कळलं तर उरलेल्या पाच दिवसांत माझ्याशी बोलणार नाहीत, आणि मग माझ्या वाट्याला तेवढंही उरणार नाही. हे कळून मोडतेय. कारण तू ज्या आईला नऊ वर्षं दारात उभी केलीस, ती दारात उभी नव्हतीच रे. ती तुझी वाट बघत तळमळली नाही. तिला वाटत होतं तू काम नीट पुरं करून आरामात येशील, आणि तिला फक्त त्या नळाचा त्रास होत होता. बाबांनी तुला अडवलं नाही. तुझी आणि आईची भेट कोणीतरी चुकवली असं तुला वाटतं, ती कोणीच चुकवलेली नाही, तो समज माझ्या वाक्यानं झाला. आता जे काय तोडायचंय ते माझ्याशी तोड. मुलांना माझं नाव सांगू नकोस, वहिनींना सांग फोन घेऊ नका म्हणून. तू आलास तर मी वॉर्डात पाऊल ठेवणार नाही, खाली कँटीनमध्ये बसेन, तुला तोंडसुद्धा दाखवणार नाही. दुसरा मजला, डाव्या हाताचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट. सोबतीचं एक माणूस सोडून बाकीच्यांना दुपारी चार ते सात सोडतात. तिथे बसून त्या नळाबद्दल विचार त्यांना. त्या एका मिनिटाबद्दल विचार. कदाचित काहीच नसेल, मी तुला आमिष दाखवत नाहीये. पण विचारायचा हक्क तुझा आहे, माझा नाही.

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितेय. आधीची तिन्ही फाडली, कारण तिन्हींत मी लिहिलं होतं की बाबा झोपेत तुला हाका मारतात, तुझा लहानपणचा फोटो उशीखाली ठेवतात, आणि सारखं विचारतात, त्याला कळवलंस ना? सगळं झरझर लिहून झालं, हात जरासुद्धा अडला नाही, आणि वाचून बघितलं तर कोणालाही खरं वाटेल असं होतं. तू ते वाचून धावत आला असतास, मला खात्री आहे. माझ्याच अंगावर काटा आला. म्हणून आता जे आहे ते लिहिते. बाबांनी तुझं नाव घेतलेलं नाही. एकदाही नाही. तुला बोलवा म्हणाले नाहीत, माफ केलं म्हणाले नाहीत, वाट बघतोय म्हणाले नाहीत. तू समोर आलास तर काय बोलतील हे मला माहीत नाही, कदाचित हवापाण्याचं बोलतील, कदाचित तोंड फिरवतील. त्यांच्या तोंडी मी आता एक शब्दही घालणार नाही, तू कधीच आला नाहीस तरी घालणार नाही. ते तुला बोलावत नाहीयेत, दादा. मी बोलावतेय. ये रे.

तुझीच, अजूनही असेन तर,
चिटोरी